शेवटी कोण चालतं?

गाइडबरोबरच्या छोट्या ग्रुपच्या ट्रेकवर मी बहुतेक वेळा शेवटून दुसरी असते. माझ्या मागे फक्त असिस्टंट गाइड. ही जागा मी आपणहून घेते. पेशाने फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे माणसं चालताना बघायची डोळ्यांना सवयच लागली आहे, आणि रांगेच्या टोकावरून अख्खा ग्रुप नजरेत राहतो. उतारावर कुणाचं डावं पाऊल जरा बाहेर पडतंय, कुणाची काठी पावलानंतर टेकायला लागलीय, सकाळपासून बडबडणारं कोण गेला अर्धा तास गप्प आहे. यातलं निम्मं त्या माणसाला स्वतःलाही अजून जाणवलेलं नसतं.

परदेशातल्या अशा साहसी सहलींबद्दल ओळखीचे लोक मला विचारतात तेव्हा त्यांच्या शंका ठरलेल्या असतात. मला झेपेल का? अनोळखी लोकांशी पटेल का? एकटीनेच नाव नोंदवलं तर अवघडल्यासारखं होईल का? मी उत्तरं देते, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कंपनीला विचारायचा असतो. तुमच्या ट्रिपवर शेवटी कोण चालतं? तंबू कसे, जेवण काय, रोज किती तासांची चाल, हे सगळं वेबसाइटवर असतं. या प्रश्नाचं उत्तर तिथे नसतं.

किलिमांजारोवर मला हे सगळ्यात स्पष्ट दिसलं, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगते.

आम्ही मचामे रूटने चढलो. टांझानियात गाइडशिवाय या डोंगरावर जाताच येत नाही. गेट १८०० मीटरच्या आसपास आहे, भोवती दाट, ओलं जंगल, आणि तिथेच पोर्टरांच्या ओझ्यांचं वजन होतं. एका पोर्टरच्या अंगावर २० किलोपेक्षा जास्त टाकायचं नाही असा नियम आहे. आमच्या डफल बॅगा, तंबू, गॅस, अंड्यांचे ट्रे, जेवणाच्या तंबूतल्या घडीच्या खुर्च्या, एकेक बोचकं काट्यावर चढत होतं. हे होईपर्यंत पाहुण्यांना थांबावं लागतं आणि काही जण कंटाळतात. मी काट्याजवळच उभी राहिले. आम्ही ट्रेकर डझनभरही नव्हतो, बरोबरचे लोक आमच्या तिपटीच्या आसपास. छोटा ग्रुप म्हणताना ही सगळी माणसं त्यात धरायला हवीत, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

मुख्य गाइड पुढे. त्याची चाल इतकी संथ की पहिल्या दिवशी ग्रुपमधल्या दोघा-तिघांना ती सहन होईना. ते त्याच्या पायांत पाय घालत चालत होते. तो शांतपणे सांगायचा, बोलता बोलता धाप लागली तर आपण जास्त वेगात आहोत. त्या संथपणामागे शरीराचं साधं गणित आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावरही २१ टक्केच राहतं, पण दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर भराभर श्वास घेऊन भरपाई करतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता बदलते, आणि ती पुन्हा जागेवर आणायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. घाई करून ही कामं लवकर होत नाहीत. म्हणूनच या वाटेवर दुपारी ४६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत नेतात, तिथे जेवायला घालतात, आणि झोपायला मात्र बारांकोला, चार हजार मीटरच्या खाली उतरवतात. दिवसभर चढून रात्री जवळपास आदल्याच उंचीवर आलो म्हणून ज्यांना वाईट वाटतं, त्यांच्या शरीराने त्या दिवशी सगळ्यात जास्त काम केलेलं असतं.

लाव्हा टॉवरहून बारांकोकडे उतरताना जायंट ग्राउंडसेलची झाडं लागतात. माणसापेक्षा कितीतरी उंच, वाळलेल्या पानांचा जाड थर खोडाला तसाच गुंडाळलेला, थंडीपासून बचाव म्हणून. त्या दुपारी धुकं होतं आणि ती झाडं एकेक करून पुढे येत होती. मागे असल्यामुळे मला तिथे थांबता आलं. पुढचे लोक कॅम्पच्या ओढीने निघून गेले होते, आणि असिस्टंट गाइडने काही न बोलता पाठीवरची पिशवी खाली ठेवली. त्याला घाई नव्हती. शेवटच्या माणसाला घाई नसते, हेच त्याचं काम.

हा असिस्टंट गाइड म्हणजे तिशीतला एक शिडशिडीत तरुण. पोर्टर म्हणून सुरुवात केलेली, मग स्वयंपाक्याचा मदतनीस, मग परीक्षा देऊन गाइड. त्याची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार होती. एकदा मी त्याला म्हटलं, ती निळ्या जॅकेटवाली बाई उजव्या टाचेवर भार टाकत नाहीये. तो म्हणाला, काल संध्याकाळपासून. मी स्वयंपाकघरातून गरम पाणी पाठवलं होतं, फोड आहे. माझं पदवीचं शिक्षण आणि इतक्या वर्षांची प्रॅक्टिस, आणि तो माझ्या एक अख्खा दिवस पुढे.

रोज संध्याकाळी जेवणाआधी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि प्रश्नांचा कागद भरायचा: डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. उंचीचा त्रास मोजायची ही लेक लुईस पद्धत. २०१८ मध्ये ती सुधारली तेव्हा झोपेचा प्रश्न त्यातून काढून टाकला, कारण उंचीवर झोप तशीही सगळ्यांचीच मोडते. आमच्या कागदावर तो प्रश्न अजून होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरं मोजमाप कागदावर नव्हतंच. एका तरुणाने सलग दोन दिवस सगळीकडे शून्य लिहिलं होतं. कागदावर त्याला काहीच होत नव्हतं.

हा ग्रुपमधला सगळ्यात तगडा गडी. मॅरेथॉन पळणारा, कायम गाइडच्या मागे पहिला. तब्येत उत्तम असली म्हणजे उंचीचा त्रास होत नाही, असं नसतं. उलट धडधाकट माणूस वेगाने चढतो आणि त्रास अंगावर काढतो. कारांगा कॅम्पनंतर तो पुढून मधे आला, मग मधून मागे. कारांगाच्या दरीत या वाटेवरचं शेवटचं पाणी. तिथून पुढच्या कॅम्पसाठीचं सगळं पाणी पोर्टर वाहून नेतात, आणि आमच्या बाजूने भरलेले कॅन घेतलेली माणसं जात होती. त्या तरुणाने एकाला वाट द्यायला बाजूला पाऊल टाकलं आणि तोल सावरायला त्याला दोन पावलं जास्त लागली. दोन पायांमधलं अंतर रुंदावलं होतं. दमलेला माणूस पाय ओढतो. पाय फाकवून चालणं वेगळं. मी मागे वळून असिस्टंट गाइडकडे पाहिलं. तो रेडिओवर बोलायलाच लागला होता.

बाराफू कॅम्प ४६७० मीटरच्या आसपास. वारा, दगड, दगडांवर कसेबसे बांधलेले तंबू. मुख्य गाइडने त्या तरुणाला जेवणाच्या तंबूबाहेर सरळ रेषेत चालायला सांगितलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. चौथ्या पावलाला तो कलला. पुन्हा केलं, पुन्हा कलला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण असू शकते, आणि तिच्यावर खरा इलाज एकच: खाली उतरणं, ताबडतोब. तो वाद घालत होता. मी ठीक आहे, फक्त दमलोय, आज रात्री शिखर आहे, एवढे पैसे, एवढी तयारी. गाइडने आवाज चढवला नाही आणि समजुतीच्या गोष्टीही फार केल्या नाहीत. मेंदूची सूज कमी करणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, ऑक्सिजनचं नळकांडं, दोन पोर्टर, आणि माझ्या मागे इतके दिवस चालणारा तो असिस्टंट गाइड. वीस मिनिटांत ते चौघे म्वेकाच्या वाटेने अंधारात खाली निघाले.

आणि आम्ही? आम्ही जेवलो, झोपायचा प्रयत्न केला, मध्यरात्री उठून चढायला लागलो. कारण आमच्याकडे आणखी दोन असिस्टंट गाइड होते. एक माणूस खाली गेला म्हणून बाकीच्यांची रात्र बुडाली नाही. बाकीच्यांची रात्र बुडू नये म्हणून त्या एकाला वर ठेवलं गेलं नाही, हे त्याहून मोठं. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने शक्य झाल्या: रांगेच्या शेवटी माणसं पुरेशी होती.

शिखराच्या रात्रीबद्दल सगळेच भरभरून लिहितात. मी थोडक्यात सांगते. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या बुटांची टाच, घसरणारी बारीक खडी, पिण्याच्या पाइपमध्ये गोठलेलं पाणी. बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. पहाटे ५७५६ मीटरवर स्टेला पॉइंट, तिथून कड्याच्या काठाने ५८९५ मीटरचं उहुरू, म्हणजे खुद्द शिखर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. डावीकडे हिमनदीची उभी भिंत, उन्हात निळसर, आणि ती वर्षानुवर्षं आक्रसत चालली आहे हे ठाऊक असल्यामुळे मी शिखराच्या पाटीपेक्षा तिच्याकडेच जास्त वेळ पाहिलं. रडू आलं. खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या कॅम्पवर तो तरुण बसलेला होता, हातात चहा, डोकं पूर्ण ताळ्यावर. त्याला रात्रीचं बरंचसं आठवत नव्हतं. असिस्टंट गाइड त्याच्या शेजारी बसून बूट पुसत होता. त्या माणसाला रात्रभर खाली उतरवून तो पुन्हा आमच्या सामानाच्या मदतीला लागला होता. निरोपाच्या वेळी टिप वाटताना मी एवढंच सांगितलं की याने काय केलं ते सगळ्यांसमोर बोललं जावं. बोललं गेलं. तो तरुण स्वतः उठून बोलला.

आता याच्या उलट.

मोरोक्कोत, उंच अ‍ॅटलास पर्वतरांगेच्या मध्य भागातल्या आयत बुगेमेझ खोऱ्यातून आम्ही मगून शिखराकडे निघालो होतो. ४०७१ मीटर. खोऱ्यात अक्रोडाची झाडं, मातीची घरं, आणि ताबांत गावात डोंगरी गाइड घडवणारी सरकारी शाळा. आमचा गाइड तिथेच शिकलेला. उत्तम माणूस. खेचरं आणि खेचरवाले वेगळ्या वाटेने थेट पुढच्या मुक्कामावर जायचे, त्यामुळे दिवसभर आमच्याबरोबर तो एकटा. डझनभर ट्रेकर आणि एक गाइड. कंपनीच्या माहितीपत्रकात छोटा ग्रुप म्हणूनच लिहिलेलं होतं, आणि आकड्याच्या हिशेबात तो छोटाच होता.

तारकेदितच्या पठारावरून पहाटे अंधारात निघालो. मगूनची धार फार लांब आहे, वाऱ्यात तासन्‌तास त्यावरून चालायचं असतं. धारेवर पोचायच्या आधीच, खडीच्या चढणीवर, एका बाईंचा घोटा मुरगळला. पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या, कधीही कुणाला थांबवायला न लावणाऱ्या. मी त्यांच्याच मागे होते. माझ्या मागे त्या दिवशी कुणी नव्हतं.

मी घोटा पाहिला. हाड मोडलेलं वाटलं नाही, पण त्यावर भार टाकून सात-आठ तास चालणं शक्य नव्हतं. पट्टी बांधली. आता काय? गाइडपुढे तीन वाटा होत्या. बाईंना तिथे बसवून बाकीच्यांना वर नेणं, म्हणजे थंडीत, वाऱ्यात एका जखमी माणसाला एकटं सोडणं. बाईंना घेऊन स्वतः खाली जाणं आणि बाकीच्यांना वाट सोपी आहे म्हणून पुढे पाठवणं. किंवा सगळ्यांना घेऊन परत फिरणं. त्याने तिसरी निवडली आणि तीच बरोबर होती. पहिल्या दोन करणारे गाइडही मी ऐकून आहे.

परत फिरताना मी जे पाहिलं ते मला अजून सलतं. ग्रुप त्या बाईंवर चिडला. उघड कुणी काही बोललं नाही, पण कुणी त्यांच्याशी बोललंही नाही. दोघे जण मुद्दाम पुढे निघून गेले. एकाने मला ऐकू येईल असं म्हटलं की ज्यांना जमत नाही त्यांनी यावं कशाला. आणि त्या बाई, ज्यांचं काहीही चुकलं नव्हतं, दर थोड्या वेळाने एकेकाची माफी मागत होत्या. संध्याकाळी जेवणाच्या तंबूतही त्यांनी पुन्हा मागितली. मी त्यांचा हात धरून म्हटलं, पुरे. तुमच्या घोट्याने कुणाचं शिखर बुडवलेलं नाही.

त्याआधीच्या किलिमांजारोवर याहून कितीतरी गंभीर प्रसंग आला होता, तरी त्या तरुणावर कुणीही चिडलं नव्हतं. माणसं तिथे जास्त चांगली होती असं मला वाटत नाही. तिथे आणखी दोन जण होते, एवढाच फरक. जिथे दुसरा गाइड नसतो तिथे सगळ्यात हळू माणूस गुन्हेगार ठरतो. दुसऱ्या गाइडच्या पगाराइतके पैसे वाचवून कंपनी हे ओझं एका मुरगळलेल्या घोट्यावर टाकते, आणि याचा मला मनापासून राग येतो. मी घरी पोचल्यावर कंपनीला लिहिलं. सवलतीचं कूपन आलं, दुसऱ्या गाइडबद्दल एक ओळही नाही.

आइसलँडमधला लौगावेगुर ट्रेक मी गाइडबरोबर केला तेव्हा लोकांनी विचारलं, कशाला? वाटेवर खुंट्या आहेत, ठरावीक टप्प्यांवर निवारे आहेत, शेकडो लोक आपलेआपण जातात. खरं आहे. लांडमानालौगार ते थोर्समोर्क साधारण ५५ किलोमीटर, आणि ज्यांना नकाशा, हवामान आणि नद्या कळतात त्यांनी जरूर एकट्याने जावं. पण पहिल्याच मुक्कामाच्या, ह्राफ्नतिन्नुस्केरच्या, जवळ एक स्मारक आहे. २००४ च्या जून महिन्यात एक तरुण ट्रेकर तिथे हिमवादळात वाट चुकून मरण पावला, निवारा अगदी जवळ असताना. जून. आम्ही तिथे पोचलो तेव्हाही धुकं इतकं होतं की एका खुंटीवरून पुढची दिसत नव्हती. पुढचा गाइड थांबून मागे आकडा विचारायचा आणि शेवटची गाइड ओरडून सांगायची. दर काही मिनिटांनी. त्या पांढऱ्या शून्यात मागून येणारा तो आवाज मला किती हवासा वाटत होता ते सांगता येत नाही.

नद्या हा तिथला खरा कस. आल्फ्तावात्नच्या पुढे ब्लाउफ्याल्लाक्विस्ल नावाचा प्रवाह पायांनी पार करावा लागतो, पूल नाही. बूट काढून गळ्यात, पायात पाण्यातले सँडल, कारण अनवाणी गेलं तर थंडीने तळवा बधिर होतो आणि दगड कळत नाही. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा. पाय निसटला तर पिशवी टाकता आली पाहिजे. तिघा-तिघांनी हातात हात अडकवून, सगळ्यात वजनदार माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला. पुढचा गाइड काठीने खोली बघत आधी गेला आणि पलीकडे थांबला. शेवटची गाइड अलीकडच्या काठावर, सगळे पार होईपर्यंत. पोटऱ्यांपर्यंतचं पाणी गुडघ्यांवर आलं, थंडी इतकी की ती दुखण्यासारखी लागली. माझ्या हातात हात असलेला निवृत्त अग्निशामक, साठीचा, एरवी फार बोलणारा, त्या वेळी एक शब्द बोलला नाही.

पण नंतर बोलला. शेवटच्या टोकाला चालणाऱ्यांच्या गप्पा वेगळ्या असतात. चढावर एक वाक्य, मग पाऊण तास काही नाही, मग त्याच वाक्याचा पुढचा भाग. त्याने मला धुरातल्या खोलीत शिरण्याबद्दल सांगितलं. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपत आली की शिट्टी वाजते. नवी मुलं समजतात, शिट्टी वाजली की निघायचं. तो म्हणाला, शिट्टी वाजते तेव्हा तू बाहेर उभा असायला हवास. परत फिरायची वेळ आत शिरायच्या आधी ठरते. मला लगेच बाराफूवरचा गाइड आठवला. त्याने त्या तरुणाशी वाद का घातला नाही ते समजलं. त्याचा निर्णय त्या संध्याकाळचा नव्हताच.

पेरूतल्या इंका ट्रेलवर शेवटी चालण्याचा आणखी एक लाभ झाला. त्या वाटेवर दिवसाला ५०० माणसांनाच परवानगी मिळते, गाइड आणि पोर्टर धरून. फेब्रुवारीत वाट बंदच असते. ‘किलोमीटर ८२’ नावाच्या ठिकाणापासून सुरुवात, पासपोर्ट तपासून. दुसऱ्या दिवशी ४२१५ मीटरची वारमिवान्युस्काची खिंड, सगळी दगडी पायऱ्यांची चढण. सकाळी आपण निघतो, मग पोर्टर तंबू गुंडाळतात, आणि मागून पळत येऊन आपल्याला गाठतात. शेवटी असलं की ते सगळ्यात आधी आपल्याला दिसतात. डोंगराच्या बाजूला सरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही, आणि मागून पोर्टर येतायत असं पुढे ओरडून सांगायचं. २००१ मध्ये पेरूने पोर्टरांसाठी कायदा केला, ओझ्याला २० किलोची मर्यादा घातली. कायद्याआधी याच पायऱ्यांवर याहून पुष्कळ जास्त वजन वाहिलं जायचं. माझ्या बाजूने गेलेल्या एका पोर्टरचे पाय मी पाहिले: पोटऱ्या दणकट, पण गुडघ्याची ठेवण बघून कळत होतं की हे गुडघे लवकर म्हातारे होणार आहेत. त्या संध्याकाळी मी आमच्या गाइडला विचारलं की हे लोक झोपतात कुठे. त्याने मला तंबू नेऊन दाखवला. कोरडा होता, खाली जाड चटई होती. काही कंपन्यांचे पोर्टर जेवणाच्या तंबूत पाहुणे उठल्यावर तिथेच जमिनीवर झोपतात.

नदीवर मात्र सगळा क्रम उलटतो, आणि ते मला फार आवडलं. झांबेझीवर, व्हिक्टोरिया धबधब्याच्या खालच्या बाटोका घळीत, राफ्टच्या पुढे सेफ्टी कयाकवाला जातो. तो रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याच्या टप्प्याच्या, खाली जाऊन तोंड आमच्याकडे करून थांबतो, कारण पाण्यात पडलेला माणूस मागे राहत नाही, पुढे वाहत जातो. सांभाळणारा नेहमी तिथे असतो जिथे पडलेला माणूस पोचणार आहे. रॅपिडना क्रमांक आहेत. नऊ नंबरचा इतका वाईट की पाहुण्यांना काठावर उतरवून खडकांवरून चालत पलीकडे नेतात. खडकांवरून चालताना पुन्हा एक माणूस रांगेच्या शेवटी आलाच. त्या राफ्टिंगमध्ये मी दोन वेळा पाण्यात पडले, आणि दोन्ही वेळा डोळे उघडले तेव्हा समोर त्या कयाकचं लाल टोक होतं.

अनोळखी लोकांचं म्हणाल तर, तंबूत जागा वाटून घेणं पहिली रात्र अवघड जातं आणि नंतर आपोआप जमतं. स्वतंत्र तंबूसाठी जास्तीचे पैसे भरता येतात. मी भरत नाही, कारण उंचीवर रात्री शेजारी कुणीतरी श्वास घेतंय हे ऐकू येणं मला सुरक्षित वाटतं. ग्रुपमध्ये एखादी व्यक्ती डोक्यात जातेच. दोन-तीन दिवसांत तिचा कुठला तरी चांगला गुण समोर येतो. न आला तरी ट्रिप संपते.

कंपनीला आता मी लिहून विचारते, फोनवर नाही. शेवटी चालणारा माणूस कोण, तो ठरलेला असतो की त्या दिवशी मोकळा असेल तो? त्याच्याकडे रेडिओ असतो का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मुख्य गाइडलाच आहे की त्यालाही? एक जण खाली पाठवावा लागला तर बाकीच्यांबरोबर कोण राहतं? परत फिरायची वेळ आधी ठरवता का, आणि ती कोण ठरवतं? साहसी पर्यटनातल्या सुरक्षेच्या व्यवस्थापनासाठी २०१४ पासून आयएसओ २११०१ हे मानक आहे, ते तुम्ही पाळता का, हेही विचारायला हरकत नाही, पण मानकाचं नाव सांगणाऱ्यांपेक्षा पहिल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणाऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसतो. विमा मात्र स्वतः वाचायचा, ओळ न ओळ: किती मीटरपर्यंतचा ट्रेक त्यात धरलाय आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे की नाही. साध्या प्रवास विम्यात उंचीची मर्यादा बहुतेक वेळा असते, आणि ती आपल्या शिखराच्या बरीच खाली असू शकते.

पुढच्या उन्हाळ्यात किर्गिझस्तानला जायचंय, काराकोलहून वर आलाकोल तलाव आणि त्यावरची खिंड. दोन कंपन्यांना हेच प्रश्न पाठवले. एकीचं उत्तर तासाभरात आलं: आमचे सर्व गाइड अत्यंत अनुभवी आहेत, काळजी नसावी. दुसरीने चार दिवस लावले. शेवटी एक ठरलेली स्थानिक गाइड चालते, तिच्याकडे रेडिओ आणि औषधांची पेटी असते, खिंडीच्या दिवशी तिसरा माणूस बरोबर घेतात, आणि दुपारपर्यंत खिंडीच्या पायथ्याशी पोचलो नाही तर त्या दिवशी चढत नाहीत. खाली एक ओळ होती: तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात असं लिहिलंय, तुम्हाला तिच्याबरोबर मागे चालायला आवडेल का? या दुसऱ्या कंपनीकडे पैसे भरले आणि हो म्हणून कळवलं.